जॉन न्यूटन : क्षमा पावलेल्या मनुष्याची उशिराची कबुली

गेल्या उन्हाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीचे एक वृद्ध बंधु आमच्या ओसरीवर येऊन बसले व पुष्कळ वेळ कांहींच बोलले नाहींत. पुढें त्यांनीं जें सांगितलें तें थोडक्यांत असें : वीस वर्षांपूर्वीं भाऊ वारल्यावर त्यांनीं आपल्या विधवा भावजयीच्या शेताचा बांध दर नांगरणीस थोडा थोडा कोरून ती जमीन आपल्या रानांत घेतली होती. हें पाप ते प्रत्येक प्रभुभोजनापूर्वीं देवाजवळ कबूल करीत आले होते, व देवानें आपणांस क्षमा केली आहे असा त्यांचा विश्वासहि होता. तरी मन शांत होत नव्हतें. त्यांचा प्रश्न हा कीं, देवानें क्षमा केल्यावर पुन्हां भावजयीपुढें जाऊन तोंड उघडण्याची काय गरज आहे? आमच्यासारख्या पाळकास ह्या प्रश्नाचें उत्तर ताबडतोब देतां यावयास पाहिजे होतें. परंतु आम्हीं त्या दिवशीं त्यांच्याबरोबर केवळ प्रार्थना केली. नंतर पुष्कळ विचार करितां आम्हांस एका मनुष्याचें चरित्र आठवलें. त्या बंधूंच्या परवानगीनें, त्यांचें व त्यांच्या गांवाचें नांव न देतां, तें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन न्यूटन हें नांव आपल्या मंडळ्यांत अगदींच अपरिचित नाहीं. देवाच्या अद्भुत कृपेविषयींचें त्याचें इंग्रजी गीत पृथ्वीच्या पाठीवर कोट्यवधि ख्रिस्ती लोक गातात. परंतु तें रचणारा मनुष्य कोण होता, त्यानें कोणतें पाप केलें, आणि तें पाप त्याच्या खऱ्या नांवानें कबूल करावयास त्याला किती वर्षें लागलीं, हें गाणाऱ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें.

न्यूटनचा जन्म लंडन शहराच्या वॉपिंग नांवाच्या बंदरभागांत २४ जुलै १७२५ रोजीं झाला. त्याचा बाप व्यापारी जहाजावर कप्तान होता व वर्षांतील बराच काळ समुद्रावर असे. आई भक्तिमान होती. तिनें आपल्या ह्या एकुलत्या एका मुलास फार लहानपणीं वाचावयास शिकविलें, प्रश्नोत्तरावली व गीतें त्याच्याकडून पाठ करून घेतलीं, आणि त्यानें पुढें सुवार्तेचा सेवक व्हावें अशी इच्छा मनांत बाळगिली. परंतु तिला क्षयाची व्यथा होती. मुलाला सात वर्षें पुरीं होण्यास कांहीं दिवस उरले असतां, १७३२ सालीं, ती वारली. बापानें दुसरें लग्न केलें. मुलगा थोडे दिवस शाळेंत गेला व अकराव्या वर्षीं बापाबरोबर जहाजावर चढला. आईनें पेरलेलें बीं मातीखालीं दिसेनासें झालें.

तारुण्यांत तो अनेकदां सुधारला व अनेकदां घसरला. कधीं उपास व प्रार्थना यांचा नेम धरी, कधीं सर्व सोडून देई. धर्मावरील श्रद्धा डळमळविणारें एक पुस्तक त्याच्या हातीं पडलें व तें त्याला जवळजवळ तोंडपाठ झालें. १७४४ सालीं त्याला सक्तीनें धरून इंग्रज आरमाराच्या हार्विच नांवाच्या लढाऊ जहाजावर नेण्यांत आलें. तेथें एका सोबत्याच्या नादानें त्यानें उरलीसुरली श्रद्धाहि टाकून दिली. आपण स्वतः बुडालों एवढ्यावर न थांबतां दुसऱ्यांस बुडविण्यांत तो भूषण मानूं लागला. त्याच जहाजावर एक सुशील तरुण होता. त्याला न्यूटननें आपल्या युक्तिवादानें ह्या मार्गास लाविलें. त्या तरुणाची आठवण वाचकांनीं ठेवावी, कारण तो पुढें पुन्हां भेटणार आहे.

१७४५ सालीं न्यूटन जहाजावरून पळून गेला व पकडला गेला. त्याला सर्वांसमक्ष उघड्या अंगावर फटके मारण्यांत आले व खालच्या दर्जाचा खलाशी करण्यांत आलें. पुढें लवकरच मदीरा बेटाजवळ त्याची बदली आफ्रिकेस निघालेल्या एका गुलामवाहू जहाजावर झाली. तेथें आपणांस कोणी ओळखीत नाहीं, आतां आपण वाटेल तें पाप मोकळेपणानें करूं, असा विचार त्या वेळीं आपल्या मनांत आला होता, असें त्यानें स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे.

ह्या व्यापाराविषयीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. युरोपांतील जहाजें कापड, बंदुका, दारू व लोखंड भरून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यास जात. तेथें ह्या मालाच्या बदल्यांत माणसें विकत घेत. त्यांस बेड्या घालून अटलांटिक महासागरापलीकडे अमेरिकेंत व वेस्ट इंडीज बेटांत नेऊन विकीत, आणि तेथून साखर, तंबाखू वगैरे माल भरून मायदेशीं परतत. साडेतीनशें वर्षांच्या काळांत सुमारें १ कोटी २५ लाख माणसें अशा रीतीनें जहाजांवर चढविण्यांत आलीं व त्यांपैकीं सुमारें १८ लाख वाटेंतच मेलीं, असा इतिहाससंशोधकांचा अदमास आहे. अठराव्या शतकांत ह्या धंद्यांत इंग्लंड सर्वांत पुढें होतें, आणि तेथील प्रतिष्ठित ख्रिस्ती लोकांस त्यांत कांहीं वावगें दिसत नव्हतें.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सिएरा लिओनजवळ प्लँटेन नांवाचीं बेटें आहेत. तेथें गुलामांचा व्यापार करणाऱ्या एका गोऱ्या मनुष्याच्या चाकरीस न्यूटन राहिला. थोड्याच दिवसांत त्याला तापानें घेरलें. धनी बाहेरगांवीं गेला असतां धन्याची बायको, जी त्या देशची एक वजनदार स्त्री होती, तिनें त्याचे फार हाल केले. त्याला निजावयास चटई व उशास लाकडाचा ओंडका मिळे. तापांत पाणीहि वेळेवर मिळत नसे. भूक अनावर झाली म्हणजे तो रात्रीं मळ्यांत जाऊन कंद उपटून कच्चेच खाई. त्या दिवसांत त्याच्यावर दया कोणीं केली? ज्यांच्या पायांत बेड्या होत्या अशा गुलामांनीं. आपल्या वांट्याला आलेल्या मूठभर अन्नांतून कांहीं अन्न ते चोरून त्याला आणून देत. ही गोष्ट त्यानें जन्मभर सांगितली. परंतु तिचा अर्थ त्याला पुष्कळ वर्षें उमगला नाहीं.

इकडे बापानें आपल्या ओळखीच्या लिव्हरपूल येथील एका जहाजमालकास मुलाचा शोध करावयास सांगितलें होतें. १७४७ सालीं ग्रेहाउंड नांवाच्या जहाजाचा कप्तान त्याच्यापर्यंत पोहोंचला व त्याला घेऊन निघाला. ह्या जहाजावर गुलाम नव्हते. सोनें, हस्तिदंत, मेण व लांकूड हा माल होता. परतीच्या वाटेवरहि न्यूटन देवाची निंदा इतकी करी कीं, तोंडाळ खलाशांत वाढलेला कप्तानसुद्धां कंटाळला, आणि हा मनुष्य बरोबर घेतल्यानें जहाजावर अरिष्ट येईल असें त्याला वाटूं लागलें.

१७४८ सालच्या मार्च महिन्यांत एके दिवशीं न्यूटननें वेळ घालविण्यासाठीं ख्रिस्ताच्या अनुकरणावरील थॉमस आ केंपिस ह्याचें पुस्तक चाळलें. हें सर्व खरें असेल तर आपलें काय होईल, असा विचार मनांत येतांच त्यानें पुस्तक मिटलें व तो झोंपी गेला. त्याच रात्रीं प्रचंड लाटेच्या तडाख्यानें तो जागा झाला. खोलींत पाणी भरत होतें. तो वर जाऊं लागला तों कप्तानानें त्याला सुरी आणावयास परत पाठविलें. त्याच्याऐवजीं जो दुसरा मनुष्य वर गेला तो तत्क्षणीं समुद्रांत वाहून गेला. जहाजाची एक बाजू फुटली होती. मालांत मेण व हलकें लांकूड नसतें तर तें तेव्हांच तळाला गेलें असतें. पहाटे तीनपासून दुपारपर्यंत न्यूटन पंपावर पाणी उपशीत राहिला. एका वेळीं कप्तानाशीं बोलतां बोलतां त्याच्या तोंडून सहज असे उद्गार गेले कीं, ह्या उपायानेंहि भागलें नाहीं तर प्रभु आपणांवर दया करो. ते शब्द उच्चारतांच तो स्वतःच दचकला. कित्येक वर्षांनंतर प्रथमच त्यानें शिवीखेरीज दुसऱ्या कारणासाठीं देवाचें नांव घेतलें होतें. आपल्यासारख्यास दया कशी मिळेल, हा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहिला.

दुपारीं एकपासून मध्यरात्रीपर्यंत तो सुकाणूजवळ उभा होता. त्या अकरा तासांत आईनें शिकविलेले शास्त्रांतील उतारे एकामागून एक त्याच्यापुढें येऊं लागले. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायांतील इशारा आठवून तो घाबरला. ज्यांनीं हांक ऐकूनहि नाकारली त्यांत आपण आहों असें त्याला वाटलें. पुढें चार आठवडे ते भुकेले, गारठलेले लोक फुटक्या जहाजावर तरंगत होते. त्या काळांत त्यानें नवा करार वाचावयास घेतला. लूकच्या शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राचा दाखला त्याला आपलीच हकीकत वाटली. मागणाऱ्यांस स्वर्गींचा पिता पवित्र आत्मा देतो हें अभिवचन त्यानें धरलें व विश्वास नसतां विश्वासासाठीं प्रार्थना केली. ८ एप्रिल १७४८ रोजीं जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यास लागलें, त्या वेळीं जहाजांतील शेवटचें अन्न चुलीवर होतें. वादळाचा तो दिवस, म्हणजे हल्लींच्या पंचांगाप्रमाणें २१ मार्च, न्यूटननें पुढें जवळजवळ साठ वर्षें प्रार्थनेंत व उपकारस्तुतींत पाळला.

आयर्लंडांत तो दिवसांतून दोनदां उपासनेस गेला व त्यानें प्रभुभोजन घेतलें. त्यानें देवाची निंदा सोडली, व ती पुन्हां कधीं त्याच्या तोंडीं आली नाहीं. येथें हकीकत संपली असती तर आमच्या ओसरीवरील बंधूंस तिचा कांहीं उपयोग झाला नसता. परंतु ती येथें संपत नाहीं.

देवाची क्षमा मिळाली असा विश्वास बाळगणारा हा तरुण त्याच वर्षीं पुन्हां गुलामवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून गेला. त्या सफरींत तो प्रार्थना विसरला व पूर्वींच्या पापांत पडला. पुन्हां तापानें गांठल्यावर शुद्धीवर आला. १ फेब्रुवारी १७५० रोजीं मेरी कॅटलेट हिच्याशीं त्याचा विवाह झाला. तिच्यावर त्याचें पूर्वींपासून फार प्रेम होतें, व संकटांत ह्या प्रेमानेंच त्याला आत्मघातापासून आंवरलें होतें. त्याच वर्षीं तो ड्यूक ऑफ आर्गाइल ह्या गुलामवाहू जहाजाचा कप्तान झाला, आणि नंतर आफ्रिकन नांवाच्या जहाजावर त्यानें आणखी दोन सफरी केल्या.

ह्या तीन सफरींचें चित्र वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. वरच्या बाजूस कप्तान रविवारीं खलाशांस जमवून प्रार्थना वाचतो आहे, खोलींत बसून बायबल वाचतो आहे, बायकोला प्रेमळ पत्रें लिहितो आहे. त्याच फळ्यांच्या खालीं माणसें दोन दोन मिळून एका बेडींत जखडलेलीं आहेत. १७५२ च्या डिसेंबरांत गुलामांचा बंडाचा बेत उघडकीस आला, तेव्हां त्यानें कांहीं मुलांस बेड्या घातल्या व त्यांच्याकडून पुरती कबुली काढण्यासाठीं त्यांचे आंगठे स्क्रूच्या चापांत धरून दाबिले. हें त्याच्याच रोजनाम्यांत आहे. ज्यानें स्वतः देवापुढें कबुली देऊन दया मिळविली, तो लहान मुलांपासून चापानें कबुली काढीत होता, आणि त्यांत त्याला विसंगति दिसली नाहीं. शेवटच्या सफरींत जहाजावरील एकहि मनुष्य मेला नाहीं, म्हणून १७५४ सालीं लिव्हरपूलच्या देवळांत त्यानें उपकारस्तुति करविली. नेऊन विकलेल्या माणसांविषयीं त्या उपकारस्तुतींत कांहीं नव्हतें.

असें कसें झालें? न्यूटन ढोंगी नव्हता. बेड्या व कड्या पाहून त्याला कित्येकदां किळस येई, आणि आपणांस अधिक दयेचा धंदा मिळावा अशी प्रार्थनाहि तो करी. परंतु जें सर्व शेजारी करितात, ज्याला सरकारची मान्यता आहे, ज्यावर घर चालतें, त्याला पाप म्हणण्याची बुद्धि सहसा होत नाहीं. शिवीगाळ हें पाप त्याला दिसलें, कारण तें सर्वांनाच पाप दिसत होतें. आपल्या गांवींहि दारू हें पाप मंडळीस चटकन् दिसतें; परंतु खोटें वजन, गांजलेल्याकडून घेतलेलें जबर व्याज, हुंडा, शेजारी जातीचा तिरस्कार, कोरलेला बांध, हीं मात्र व्यवहारांत जमा होतात.

शेवटच्या सफरींत आणखी एक गोष्ट घडली. हार्विच जहाजावरील तो सुशील तरुण न्यूटनला लिव्हरपुलांत पुन्हां भेटला होता. न्यूटननें लाविलेल्या मार्गानें तो आतां फार दूर गेला होता. त्याला वळवावें म्हणून न्यूटननें त्याला बरोबर घेतलें, पुष्कळ समजाविलें, त्याच्यापुढें आपली चूक कबूल केली. तो ऐकेना, उलट पूर्वींचे न्यूटनचेच युक्तिवाद न्यूटनला ऐकवी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो तापानें आजारी पडला व अत्यंत निराशेंत मेला. आपल्या पापाची क्षमा होऊं शकते, तरी त्या पापानें दुसऱ्याच्या जिवास लागलेली आग आपल्या हातानें विझेलच असें नाहीं, हें न्यूटन त्या मरणापासून शिकला.

धंदा त्यानें सोडला तो मनाच्या टोंचणीमुळें नव्हे. १७५४ च्या नोव्हेंबरांत, चौथ्या सफरीस निघण्यास दोन दिवस असतां, त्याला एकाएकीं झटका येऊन तो बेशुद्ध पडला, व डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यानें समुद्र सोडला. पुढील वर्षीं त्याला लिव्हरपूल बंदरावर जकात खात्यांत येणाऱ्या जहाजांची तपासणी करण्याची नोकरी मिळाली. तेथें त्यानें स्वतःच्या प्रयत्नानें ग्रीक व इब्री ह्या भाषांचा अभ्यास केला, सुवार्तिकांची संगत धरली व सुवार्तेच्या सेवेची इच्छा प्रकट केली. प्रथम त्याला नकार मिळाला. अखेरीस १७६४ सालीं त्याला दीक्षा मिळून ओल्नी ह्या गांवीं तो उपपाळक झाला. आईनें मनांत बाळगिलेली इच्छा बत्तीस वर्षांनीं पुरी झाली.

त्याच वर्षीं न्यूटनसाहेबांनीं आपलें आत्मवृत्त छापून प्रसिद्ध केलें. त्यांत त्यांनीं देवनिंदा, दुराचार, कृतघ्नपणा हीं सर्व कबूल केलीं. पुस्तक घरोघर वाचलें गेलें व अनेकांस त्यापासून आशा मिळाली. परंतु त्यांत गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख एका त्रासदायक नोकरीसारखा आहे. कबुली खरी होती, पण अर्धी होती.

ओल्नी येथील लोक बहुतेक गरीब, घरांत बसून लेस विणून पोट भरणारे. न्यूटनसाहेब त्यांच्या झोंपड्यांतून फिरत, मुलांस जमवून शास्त्र शिकवीत, आणि प्रार्थनासभेसाठीं सोपीं गीतें रचीत. कवि विल्यम कूपर १७६७ पासून त्यांच्या शेजारीं राहावयास आले होते. दोघांच्या गीतांचा संग्रह १७७९ सालीं निघाला. त्यांत ३४८ गीतें आहेत. आम्हीं आरंभीं उल्लेखिलेलें कृपेचें गीत १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठीं तयार झालें. त्या दिवशींचें प्रवचन पहिल्या इतिहासाच्या सतराव्या अध्यायावर होतें, जेथें दावीद राजा आपण कोण व देवानें आपणांस कोठवर आणिलें असें नवल करितो.

त्याच महिन्यांत कूपर यांच्या मनास फार मोठा आजार झाला. देवानें आपणांस टाकून दिलें आहे, आपल्याला क्षमा नाहीं, असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांनीं आत्महत्येचाहि प्रयत्न केला. न्यूटनसाहेबांनीं त्यांच्याशीं वादविवाद केला नाहीं. त्यांनीं त्यांस आपल्या घरीं ठेवून वर्षाहून अधिक काळ त्यांची शुश्रूषा केली. कूपर यांची ती भीति मरेपर्यंत पुरती गेली नाहीं. परंतु न्यूटनसाहेबांनीं त्यांस शेवटपर्यंत प्रभूचा मनुष्य मानलें. मंडळींत ज्यांना क्षमेचा आनंद वाटत नाहीं त्यांस अविश्वासी ठरविण्याची घाई करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आपली क्षमा आपल्या मनाच्या स्थितीवर नव्हे, तर ख्रिस्ताच्या वधस्तंभावर टेकलेली आहे.

१७८० च्या आरंभीं न्यूटनसाहेब लंडन येथील सेंट मेरी वुलनॉथ ह्या मंडळीचे पाळक म्हणून काम पाहूं लागले. तेथें क्लॉडियस ब्यूकॅनन नांवाचा एक स्कॉच तरुण त्यांचें प्रवचन ऐकावयास येई. आपण परदेशांत फिरत आहों असें खोटेंच पत्रांतून भासवून त्यानें आपल्या आईबापांस अनेक वर्षें फसविलें होतें. त्यानें निनावी पत्र लिहून आपली स्थिति न्यूटनसाहेबांस कळविली. पत्रावर पत्ता नसल्यामुळें न्यूटनसाहेबांनीं उपासनेच्या वेळीं जाहीर केलें कीं, पत्र लिहिणारा येथें असेल तर त्यानें आम्हांस भेटावें. तो भेटला. पुढें न्यूटनसाहेबांच्या खटपटीनें त्याचें शिक्षण झालें, व तो १७९७ सालीं कलकत्त्यास आला. तेथील फोर्ट विल्यम कॉलेजाचे जे उपप्रमुख ब्यूकॅनन ते हेच. त्याच कॉलेजांत डॉ. विल्यम केरी मराठी शिकवीत, आणि त्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं छापून निघालें. एका लपलेल्या पापाच्या कबुलीचा धागा असा आपल्या भाषेच्या शेजारापर्यंत येऊन पोहोंचला आहे.

१७८५ च्या डिसेंबरांत पार्लमेंटचे सव्वीस वर्षांचे सभासद विल्यम विल्बरफोर्स गुप्तपणें न्यूटनसाहेबांकडे आले. नुकत्याच झालेल्या मनःपालटामुळें राजकारण सोडावें कीं काय, ह्या विवंचनेंत ते होते. न्यूटनसाहेबांनीं त्यांस पार्लमेंट न सोडतां तेथेंच देवाची सेवा करावयास सांगितलें. १७८७ सालीं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली व विल्बरफोर्स तिचे पार्लमेंटांतील पुढारी झाले.

आतां न्यूटनसाहेबांना गप्प बसणें शक्य नव्हतें. त्यांचें वय बासष्ट होतें. ते लोकप्रिय पाळक होते. जुनी गोष्ट उकरून काढावयास कोणी त्यांस सांगितलें असतें असें नाहीं. १७८८ सालीं त्यांनीं आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली, व ती पार्लमेंटच्या सभासदांस पाठविण्यांत आली. तींत त्यांनीं प्रथम आपलें स्वतःचें नांव पुढें केलें : हा धंदा आपण केला आहे, त्याची आपणांस लाज वाटते, आणि ही कबुली मनापासूनची असली तरी झालेलें दुःख निवारण्यास ती फार उशिरा येत आहे. मग त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें व कानांनीं ऐकिलेलें लिहिलें. फडताळांत पुस्तकें लावावीं तशीं माणसें जहाजांत कशीं निजवीत. बायकांची अब्रू कशी घेतली जाई. एक तान्हें मूल रात्रीं रडतें म्हणून एका अधिकाऱ्यानें तें आईसमक्ष समुद्रांत कसें फेंकलें. त्याच वर्षीं त्यांनीं राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढें व १७९० सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष दिली. धंद्याचे पुरस्कर्ते गुलाम सुखांत असतात असें सांगत. तीन सफरी केलेल्या कप्तानाच्या साक्षीपुढें तें टिकणें कठीण झालें.

समुद्र सोडल्याला तेव्हां चौतीस वर्षें झालीं होतीं. वादळांतल्या प्रार्थनेला चाळीस.

वाचकहो, येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. न्यूटनसाहेबांनीं १७८८ सालीं कबुली दिली म्हणून देवानें त्यांस क्षमा केली असें नाहीं. कबुली हें क्षमेचें मोल नव्हे. तें मोल एकदांच दिलें गेलें आहे. परंतु क्षमा ज्याच्या अंतःकरणांत खरोखर शिरते त्याचे डोळे ती उघडते; काल जो व्यवहार वाटला त्यांत आज पाप दिसतें; आणि ज्याला देवाच्या दारीं आश्रय आहे त्याला माणसांपुढें खरें बोलण्याचें भय उरत नाहीं. दावीदाला नाथान संदेष्ट्यानें देवाची क्षमा कळविली होती. तरी त्यानें एकावन्नावें स्तोत्र रचून मुख्य गवयाच्या स्वाधीन केलें, म्हणजे आपलें पाप सर्व इस्राएलास गावयास दिलें. जक्कयाच्या घरीं प्रभु आधीं गेला. लुबाडलेलें परत देण्याचें जक्कय नंतर बोलला. आणि वेदीजवळ अर्पण आणणाऱ्यास आपल्या भावाचें आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून प्रथम भावाकडे जावें, ही तर प्रभूचीच आज्ञा आहे. आमच्या वृद्ध बंधूंस त्याच दिवशीं द्यावयाचें उत्तर हें होतें.

मेरीबाई १७९० च्या डिसेंबरांत कर्करोगानें वारल्या. न्यूटनसाहेबांची दृष्टि मंदावली, स्मरण जाऊं लागलें. तरी आपण मोठे पापी आहों व ख्रिस्त मोठा तारणारा आहे, ह्या दोन गोष्टींचें विस्मरण आपणांस झालेलें नाहीं, असें ते भेटावयास येणाऱ्यांस सांगत. २५ मार्च १८०७ रोजीं गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा मंजूर झाला. त्याच वर्षीं २१ डिसेंबरला, वयाच्या ८२ व्या वर्षीं, न्यूटनसाहेब प्रभूजवळ गेले. आपल्या स्मारकशिलेवरील मजकूर त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला होता. त्यांत आपण एकेकाळीं अविश्वासी, दुराचारी व आफ्रिकेंत गुलामांचे चाकर होतों हें आधीं आहे, आणि ख्रिस्ताच्या दयेनें वांचून, क्षमा पावून, ज्या विश्वासाचा नाश करूं पाहिला त्याचाच उपदेश करावयास नेमले गेलों, हें नंतर आहे. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ सालीं झाला. त्यांतून आपला देश वगळला होता. कंपनी सरकारच्या मुलखांत १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली.

एक गोष्ट मात्र न्यूटनसाहेबांना कधींच करितां आली नाहीं. ज्यांना त्यांनीं विकलें होतें त्यांतील एकाच्याहि दारीं जाऊन त्यांस क्षमा मागतां आली नाहीं. ज्या मुलांचे आंगठे दाबिले तीं कोणत्या बेटावर, कोणत्या उसाच्या मळ्यांत मेलीं, हें त्यांस कळण्याचा मार्ग नव्हता. चाळीस वर्षांनीं दिलेली कबुली पार्लमेंटनें ऐकिली; ज्यांनीं ती ऐकावी तीं माणसें ऐकावयास उरलीं नव्हतीं.

ही सर्व हकीकत आम्हीं त्या वृद्ध बंधूंस पुढील भेटींत सांगितली, आणि शेवटीं एवढेंच म्हटलें कीं, न्यूटनसाहेबांना जें दार मिळालें नाहीं तें तुमच्या घरापासून चाळीस पावलांवर आहे, व भावजय अजून जिवंत आहे. ते कांहीं न बोलतां उठून गेले. पेरणीपूर्वीं ते तिच्याकडे गेले. तिनें त्यांस आंत बोलाविलें नाहीं. उंबऱ्यावर उभी राहून ऐकून घेतलें व दार लोटलें. त्याच आठवड्यांत गांवच्या दोघां जाणत्यांसमक्ष बांध पूर्वींच्या जागीं घातला गेला. तिच्या मुखाची क्षमा अद्याप त्यांस मिळालेली नाहीं. ती मिळावी म्हणून ते व आम्ही प्रार्थना करीत आहों. परंतु ती मागण्याचा हक्क सांगत नाहीं. ह्या वेळच्या प्रभुभोजनांत मात्र त्यांनीं प्याला घेतला तेव्हां त्यांचा हात थरथरला नाहीं.

वाचकांपैकीं ज्याला असें एखादें दार ठाऊक असेल, त्यानें येत्या रविवारची वाट पाहूं नये. ज्या प्रभूनें वादळांत बुडणाऱ्या देवनिंदकाची हांक ऐकिली, तो त्या उंबऱ्यापर्यंतच्या वाटेवर आपल्याबरोबर चालो. आमेन.